पाठ केलेला फुगेवाला

जानेवारी लागला की आमच्या शाळेत चित्रकलेचा तास वेळापत्रकाच्या कागदावरच उरतो. दहावीचं गणित राहिलेलं असतं, इंग्रजीचा सराव राहिलेला असतो. मग माझा नाहीतर खेळाच्या सरांचा तास कुणीतरी मागून नेतं. मागतातही अदबीनं, "सर, आजच्या दिवस फक्त." आम्ही दोघं स्टाफरूममध्ये चहा पीत बसतो. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती सगळं शिक्षण उभं करायचा विचार मांडला होता. आमच्याकडे कार्यानुभवाच्या तासाला पोरं बाकं इकडची तिकडे करतात. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीचा पट शंभरावर गेला की कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण या तिन्हींना अंशकालीन निदेशक द्यायचे, असं २००९ पासून लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे, एवढं खरं.

सातारा जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात मी शिकवतो. नव्या वर्गाला आधी वस्तुचित्र देतो. टेबलावर पितळी तांब्या, शेजारी वाटी. तांब्याचं तोंड बहुतेक मुलं गोल गरगरीत काढतात आणि बूड पट्टीनं ओढल्यासारखं सरळ. का, विचारलं तर उत्तर तयार असतं : "सर, टेबल सपाट आहे, बूड वाकडं काढलं तर तांब्या पडंल की!" तर्कात खोट काढता येत नाही. मुलं ठाऊक असलेला तांब्या काढतात, समोरचा बघतच नाहीत. मग मी त्यांना खाली जमिनीवर बसवतो. तांब्याचं तोंड डोळ्यांच्या पातळीत आलं की त्याची नुसती रेघ होते. "आता सावकाश उभे राहा." रेघ उघडत जाते, लांबट होते, फुगते. बूड डोळ्यांच्या पातळीपासून आणखी खाली, म्हणून त्याची कड तोंडाच्या कडेहूनही जास्त वाकलेली दिसते. एक डोळा मिटून, हात ताठ धरून पेन्सिलीनं मापं घेताना एखादं पोरगं "आयला!" म्हणतं आणि जीभ चावतं. त्या शिवीला मी कधी रागावलेलो नाही. गणिताची उत्तरं पुस्तकाच्या शेवटी असतात. इथलं उत्तर टेबलावर उघडं ठेवलेलं असतं, तरी ते ज्याचं त्यालाच शोधावं लागतं.

पालकांना मात्र तांब्याशी देणंघेणं नसतं. त्यांचा प्रश्न इंटरमिजिएटचा. त्या ग्रेड परीक्षेत ए श्रेणी मिळाली तर दहावीला सात गुण वाढतात, बी ला पाच, सी ला तीन. हे गुण आले आणि माझ्या वर्गात गर्दी झाली. क्लासवाल्यांच्याही झाली. तिथून येणाऱ्या मुलांची स्मरणचित्रं बघितली की मला कळेनासं होतं, हसावं की काय करावं. स्मरणचित्र म्हणजे पाहिलेला प्रसंग आठवून काढायचा. ही मुलं क्लासमधलं चित्रच पाठ करून येतात. जत्रा म्हटलं की डावीकडे फुगेवाला, उजवीकडे पाळणा, मागे देवळाचं शिखर. अर्ध्या वर्गाच्या कागदावर तोच फुगेवाला, त्याच पायावर भार देऊन उभा.

म्हणून एकदा मी नववीच्या वर्गाला गावच्या आठवडी बाजारात नेलं. वही नाही, पेन्सिल नाही, नुसतं बघायचं. दुसऱ्या दिवशी कागद दिले. त्यातही दोन-चार फुगेवाले निघालेच! पण एका मुलीच्या चित्रात सगळ्यात पुढे मोठी थोरली पाठ होती, पदर खोचलेली. पाठीपलीकडे वांग्यांचा ढीग, वर उचललेला तराजू आणि त्याच्याही पलीकडे वाकून बघणारी गिऱ्हाइकांची तोंडं. ती दर आठवड्याला आईच्या मागं पोत्यावर बसून सुटे पैसे मोजते. बाजार तिनं तिथूनच पाहिलेला. बाजाराचं चित्र विकणाऱ्याच्या मागून काढता येतं, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. हात प्रमाणाबाहेर लांब होते, रंग ओघळले होते. तरी तो कागद मी फळ्याशेजारी लावला. पोरं जवळ जाऊन चित्रातली गिऱ्हाइकं ओळखू लागली.

परीक्षेत तिला सी मिळाली. परीक्षकांना दोष देणार नाही. प्रमाण चुकलं की गुण जाणारच. माझी तक्रार वेगळी आहे. गुणांनी माझा तास वाचवला आणि त्याच गुणांनी तासात फुगेवाला आणून बसवला. खेळाच्या सरांचंही तेच म्हणणं : स्पर्धेला जाणाऱ्या दहा जणांसाठी मैदान मोकळं मिळतं, उरलेला वर्ग कट्ट्यावर बसून टाळ्या वाजवतो. खरं तर मैदानाची गरज त्या कट्ट्यावरच्यांना जास्त.

पालकसभेत मी यातलं काही बोलत नाही. तिथे सात, पाच, तीन एवढंच सांगतो. यंदा तेवढ्याच्या जोरावर नववीला दोन जोडतास मिळाले. त्यातला एक बाजाराच्या दिवशीचा मागून घेतलाय.