तिरंग्यात माझा रंग कोणता?



१५ ऑगस्ट जवळ आला की आपल्या सगळ्यांच्या वर्गात कागदी झेंडे रंगवायची गडबड सुरू होते. बुलडाणा जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा शाळेतही झाली. चौथीचा वर्ग. एका बाकावर तीन मुलं आणि रंगपेटी एक. पहिल्यानं केशरी खडू उचलला, दुसऱ्यानं हिरवा. "तुहा तू रंगव, माहा मी रंगवतो." तिसरा उठून माझ्याकडे आला. "सर, मंग माहा रंग कोनता?"

मला उत्तर सुचेना. कारण ही वाटणी मुलांना शिकवली होती मीच. केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकी सगळ्यांचा, असं आदल्या वर्षी मीच फळ्यासमोर उभं राहून सांगितलं होतं. माझ्या गुरुजींनी मला सांगितलं, मी पुढे सांगितलं. एकात्मता शिकवतोय असंच वाटायचं हो!

त्या रात्री झेंड्याचा इतिहास नीट वाचून काढला. तुम्हालाही वर्गात आणि घरी उपयोगी पडेल, म्हणून थोडक्यात देतो.

ही समजूत काही हवेतून आलेली नाही. १९२१ साली पिंगली वेंकय्या यांनी विजयवाड्यात गांधीजींना झेंड्याचा नमुना दाखवला, त्यात लाल रंग हिंदूंचा आणि हिरवा मुसलमानांचा होता. इतर सर्वांसाठी पांढरा पट्टा आला आणि मधे चरखा. तेव्हा इतर देशांतही असाच विचार चालला होता. इजिप्तमध्ये १९१९ च्या उठावात लोकांनी एकाच हिरव्या झेंड्यावर चंद्रकोर आणि क्रॉस शेजारी शेजारी घेतले होते. आपल्या शेजारच्या नागपुरात १९२३ साली झेंडा सत्याग्रह झाला, जमनालाल बजाज तुरुंगात गेले, ते या चरख्याच्या झेंड्यासाठीच.

पण धर्माप्रमाणे रंग वाटले की कोणीतरी बाहेर राहतंच. आमचा रंग कुठे, असं शिखांनी विचारलं. माझ्या वर्गातल्या पोराचाच प्रश्न! १९३१ मध्ये काँग्रेसनं सात जणांची समिती नेमली. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग यांच्याबरोबर आपले काकासाहेब कालेलकरही तिच्यात होते. समितीनं सगळा झेंडा केशरीच असावा असं सुचवलं, पण ते मान्य झालं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत ठरलं की पट्टे केशरी, पांढरा आणि हिरवा असतील, आणि या रंगांचा कोणत्याही धर्माशी संबंध असणार नाही. केशरी म्हणजे धैर्य आणि त्याग, पांढरा म्हणजे सत्य आणि शांती.

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेनं हाच तिरंगा स्वीकारला. चरख्याच्या जागी २४ आऱ्यांचं अशोकचक्र आलं. हिरवा रंग म्हणजे मातीशी आणि झाडापिकांशी आपलं नातं, असा अर्थ डॉ. राधाकृष्णन यांनी तेव्हा सांगितला.

म्हणजे मी शिकवत होतो तो अर्थ १९३१ सालीच सोडून दिलेला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात आधी माझी चूक कबूल केली. मग मुलांना शाळेच्या कुंपणापाशी नेलं. पलीकडे कपाशी आणि सोयाबीन, नजर जाईल तिथवर हिरवं. विचारलं, "हा हिरवा रंग कोणाचा?"

कोणी शेतमालकाचं नाव घेतलं, कोणी म्हणालं देवाचा. तो तिसरा पोरगा मात्र पटकन बोलला, "सर, हे तं माह्या मायनं निंदलं!"

वर्गात परतल्यावर हिरवा खडू आधी त्यानं उचलला. नंतर तिघांनी मिळून एकच मोठा झेंडा रंगवला.

यंदा झेंडा रंगवायच्या आधी तुमच्या मुलांनाही विचारून बघा, कोणता रंग कोणाचा? उत्तर ऐकून रागावू नका. ते त्यांनी आपल्याकडूनच ऐकलेलं असतं, आणि दुरुस्त करणंही आपल्याच हातात आहे.