आरशाच्या पुढ्यात

नाशकात नव्या फ्लॅटची किल्ली हातात पडली की पाठोपाठ तीन माणसं घरात शिरतात. सुतार, पडदेवाला आणि फेंगशुई जाणणारं नात्यातलं कोणीतरी. ही तिसरी बहुधा मावशी नाहीतर नणंद असते. ती आल्या आल्या आरशांवरच बोट ठेवते. ‘‘पलंगासमोर आरसा नको गं. उंबऱ्यासमोर तर मुळीच नको, आलेली लक्ष्मी आल्या पावली परत जाते. जेवायच्या टेबलापाशी मात्र लाव, ताटातलं दुप्पट दिसलं पाहिजे.’’ मला हे सल्ले मनापासून ऐकावेसे वाटतात. एरवी घराबद्दल बोलायचं म्हणजे चौरस फूट, हप्ता आणि पार्किंग. ही बाई रिकाम्या खोलीच्या मधोमध उभी राहते, उजेड कुठून येतो, दार उघडल्यावर नजर कुठे जाते, हे पाहते. घराकडे इतकं निरखून पाहणारं माणूस आता विरळाच.

फेंगशुईचं एक मूळ थडग्याची जागा निवडण्याच्या शास्त्रात आहे. चौथ्या शतकातल्या ग्वो पू या चिनी विद्वानाच्या नावावर सांगितला जाणारा एक दफनविधीचा ग्रंथ आहे. त्याचं सांगणं असं, की ‘ची’ म्हणजे जगण्यातला प्राण वाऱ्यावर बसला की पांगतो आणि पाण्याच्या काठाशी आला की थांबतो. पूर्वजांना जिथे वारा बोचणार नाही आणि पाणी जवळ असेल तिथे निजवावं. मग तीच दृष्टी जिवंत माणसांच्या घरांना लागू झाली. घरात नदी आणता येत नाही, म्हणून आरशाला पाण्याचा मान मिळाला.

हे वाचलं तेव्हा मला पटकन गोदाकाठची घरं आठवली. सकाळी उन्हं पाण्यावर पडली की काठावरच्या माडीच्या छतावर कवडसे थरथरत राहतात. वाऱ्याची झुळूक आली की सगळं छत हलल्यासारखं वाटतं. पाण्याला आरसा मानणं या गावाला कोणी शिकवायला नको. पाणी घरात यायला लागलं की काय होतं, तेही गाव जाणतं. 2008, 2016, 2019 च्या पुरांत पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर आलं, यावर इथे पुराची मोजदाद झाली आणि सराफ बाजार, भांडी बाजारातल्या दुकानदारांनी रातोरात माल वर चढवला. पाणी जवळ असावं, पण माजघरात नसावं. फेंगशुईवाले आरशाबद्दलही हेच सांगतात. तो असावा, पण जपून.

आरसा माणसाला जपतो, त्याचीही एक कथा अशीच जुनी आहे. गे हाँग नावाच्या चौथ्या शतकातल्याच ताओपंथी लेखकाने लिहून ठेवलंय, की डोंगरात साधनेला जाणाऱ्याने किमान नऊ चिनी इंचांचा आरसा पाठीवर टांगावा. रानातली भुतं माणसाचं रूप घेऊन येतात, पण आरशात त्यांना खरं रूप लपवता येत नाही. तेव्हाचे आरसे काशाचे, घासून घासून लखलखीत केलेले. एकट्याने जंगलात शिरणाऱ्या माणसाची पाठ कोणीतरी राखावी, एवढीच त्यामागची आस. आज दाराच्या चौकटीवर जो लाल-हिरव्या अष्टकोनात बसवलेला आरसा दिसतो, ज्याच्या भोवती तीन-तीन रेघांच्या आठ आकृत्या असतात, तो बागुआ आरसा हेच काम करतो. तो घराबाहेरच लावायचा, घरात कधीच नाही, असा त्याचा कडक नियम.

इंदिरानगरातल्या आमच्या जिन्यात समोरासमोर दोन दारं आहेत. समोरच्या काकूंनी एके दिवशी असा आरसा चौकटीवर ठोकला. आईला तो लागला. ‘‘आमच्या घरात असं काय आहे, की त्यांना आरसा धरावासा वाटला?’’ असं ती दोन दिवस पुटपुटत होती. तिसऱ्या दिवशी तिने डब्यात पुरणपोळ्या भरल्या आणि थेट जाऊन विचारलं. काकू आधी गोंधळल्या, मग आईचा हात धरून तिला उंबऱ्यावर उभं केलं. ‘‘अहो वहिनी, तो तुमच्याकडे नाही. वरून जिना बघा कसा सरळ आमच्या दारात उतरतो. ह्यांच्या ऑपरेशनपासून माझं मनच लागत नाही, म्हणून लावला.’’ आईने मान वर करून पाहिलं. आरसा खरंच थोडा तिरका, जिन्याच्या पायऱ्यांकडे वळवलेला होता. पण दारात उभं राहिलं की आमच्या तोरणाची एक कड त्यात दिसत होती. काकूंनी लगेच स्टूल आणलं आणि आईने खालून ‘‘अजून थोडा, अजून थोडा’’ करत तो तोरण दिसेनासं होईस्तोवर वळवून घेतला. आजारी माणसाच्या काळजीने लावलेला आरसा मला वंदनीय वाटतो. मात्र त्याचं तोंड शेजाऱ्याच्या दारावर रोखलेलं असू नये. ग्रंथात काहीही असो, वाड्यात आणि चाळीत वाढलेल्या आपल्या माणसांना ते शोभत नाही.

वाड्यांत आरसे थोडे होते. जुन्या नाशकातल्या अरुंद गल्ल्यांत, भद्रकालीकडे नाहीतर तांबट लेनमध्ये, घराला उजेड मिळायचा तो चौकातून. ओसरीवर खुंटीला एक हातभर आरसा, पुरुषांच्या दाढीसाठी आणि पागोट्यासाठी. बाकी सगळा कारभार बायकांच्या फणेरपेटीत. शिसवी लाकडाची बसकी पेटी, झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा, खाली कप्प्यांत फणी, मेण, कुंकवाचा करंडा. आजीची पेटी अजून आमच्याकडे आहे. झाकण उघडलं की मागचा पितळी टेकू खट्‌कन बसतो आणि आरसा बरोबर मांडी घालून बसलेल्या बाईच्या तोंडासमोर तिरका उभा राहतो. त्याच्या एका कोपऱ्यातला पारा उडालाय आणि तिथे चिंचोक्याएवढा काळा डाग पडलाय. मेण लावून वर कुंकू रेखलं, की झाकण बंद. रात्री आरसा उघडा ठेवू नये, दिवे लागल्यावर आरशात पाहू नये, वर्षाच्या आतल्या बाळाला आरसा दाखवू नये, हे सगळं ती पेटी न बोलता पाळत होती. आता फेंगशुईची पुस्तकं सांगतात, की झोपायच्या खोलीतला आरसा रात्री पडद्याने झाकावा. आजीला ते नवं वाटलं नसतं.

अडचण आजच्या खोल्यांची आहे. पाथर्डी फाट्याकडे किंवा गंगापूर रोडच्या पुढे नवी घरं पाहायला गेलं तर झोपायची खोली दहा बाय अकराची. एका भिंतीला खिडकी, एकीला दार, उरलेल्या दोहोंपैकी एकीशी पलंग आणि समोरच्या भिंतीवर सरकत्या दारांचं कपाट, त्याला छतापर्यंत आरसा. अर्धवट झोपेत कूस बदलली, की समोर कोणीतरी हललं असं वाटून छातीत धस्स होतं. दमलेल्या माणसाच्या झोपेचा विचार करून कोणीतरी पलंगासमोर आरसा नको हा नियम घालून दिला असेल, अशी माझी खात्री आहे आणि तेवढ्यासाठीच मी तो पाळायला सांगते. कपाटाला साधा सनमायका लावा, आरसा दाराच्या आतून बसवा. फणेरपेटीसारखाच तो हवा तेव्हा उघडेल.

आपलं वास्तुशास्त्र आरशाला उत्तरेची आणि पूर्वेची भिंत देतं. त्यात उत्तरेच्या भिंतीचा मला प्रत्यक्ष गुण आलाय. नाशिक 20 अंश अक्षांशावर. मेच्या विशीत सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर असतो, खिडकीतून आत येतच नाही. डिसेंबरात मात्र तो दक्षिणेला झुकतो, दुपारी बारालाही क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून लांबवर आत येतो. उत्तरेच्या भिंतीवरचा आरसा ते ऊन उचलून खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात टाकतो. निफाडकडून बोचरा वारा सुटलेला असताना हे ऊन केवढं मोलाचं, ते नाशिककरांना सांगायला नको. उन्हाचा हा हिशोब गावात जुनाच आहे. 1756 साली बांधलेल्या सुंदरनारायण मंदिरात 21 मार्चच्या सुमारास उगवतीचे किरण थेट मूर्तीवर पडतात. दगड बसवणाऱ्यांनी आधी सूर्य पाहिला, मग गाभारा धरला.

म्हणून आरसा कुठल्या भिंतीला लावू, असं कोणी विचारलं तर मी आधी समोरची भिंत पाहायला सांगते. आरशाला स्वतःचं काही नसतं, समोरचं असतं. समोर खरकट्या भांड्यांचं सिंक असेल तर घरात दोन सिंक होतात. समोर चपलांचा ढीग असेल तर दोन ढीग. समोर गॅलरीतली तुळस आली तर दुसरी तुळस फुकट मिळते. जेवणाच्या टेबलाचा नियम मला म्हणूनच सर्वांत प्रिय आहे. ताट दुप्पट दिसतं ते असो, पण भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माणसालाही त्या आरशात पाठीमागे वाढणारी सून दिसते, खिडकी दिसते, पंगतीतले सगळे दिसतात. कोणी एकटं पडत नाही.

भाचीने यंदा घर घेतलं आणि सुताराला सहा फुटी आरसा सांगितला. मी तिला थांबवलं. माणसाला स्वतःला नखशिखान्त पाहायला स्वतःच्या निम्म्या उंचीचा आरसा पुरतो, फक्त तो नेमक्या उंचीवर हवा. फेंगशुईतही एक नियम आहे, की आरशात घरातल्या कुणाचंही डोकं कापलेलं दिसू नये. सुतार सहसा घरातल्या पुरुषाच्या उंचीने खिळा मारतो आणि म्हातारीला त्यात फक्त स्वतःचा भांग दिसतो. भाचीच्या घरात सासूबाई पावणेपाच फुटी आणि नवरा जवळजवळ सहा फुटी. आम्ही दोघांना भिंतीशी उभं करून पेन्सिलने खुणा केल्या. हिशोब निघाला: जमिनीपासून दोन फुटांवर खालची कड, पावणेसहा फुटांवर वरची. पावणेचार फुटांच्या काचेत दोघंही पायापासून डोक्यापर्यंत मावतात. भाचीच्या पोराचा चेहराही खालच्या अंगाला येतो, टाचा उंचावायची गरज नाही. सुताराने पाच मिलिमीटरची काच सुचवली, मागे प्लाय. काच पातळ असली तर लचकते आणि चेहरा वाकडा दिसतो, असं त्याचं म्हणणं. त्याचं ऐकलं.