वीतभर वायर

मोटारीतील ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवून त्याच्या जागी हाताने गिअर बदलण्याचा, म्हणजे मॅन्युअल, गिअरबॉक्स चढवताना अवजड भाग तुलनेने लवकर मार्गी लागतात. गिअरबॉक्स, क्लच आणि तिसरे पेडल डोळ्यांना दिसतात व पान्याला बधतात. काम अडते ते बहुधा अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या सांध्यापाशी, ज्याला मुंबई-पुण्याच्या गॅरेजांत ‘कपलर’ म्हणतात.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर एक स्विच असतो, जो दांडा ‘पी’ किंवा ‘एन’वर असेल तरच स्टार्टरकडे वीज जाऊ देतो आणि रिव्हर्स टाकताच मागचे पांढरे दिवे लावतो. गिअरबॉक्स गेला की हा स्विचही जातो, गाडीकडच्या वायरिंगचा कपलर लोंबत राहतो आणि किल्ली फिरवूनही स्टार्टर गप्प बसतो. म्हणून स्टार्टरच्या वायरी क्लच पेडलच्या स्विचकडे वळवाव्या लागतात आणि रिव्हर्स दिव्यांच्या वायरी नव्या गिअरबॉक्सवरच्या दोन पिनांच्या स्विचपर्यंत न्याव्या लागतात. इंजिनाचा संगणक मात्र जुनाच ठेवला, तर तो नाहीशा झालेल्या सोलेनॉइडांचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपांचा, शोध घेत राहतो, पी ०७५० सारखे दोष नोंदवतो आणि इंजिनाचा दिवा पेटवतो. कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांच्या धूर-तपासणीत एवढ्यानेच गाडी नापास होते, कारण आपल्याकडच्या पीयूसीप्रमाणे नळकांड्यात नळी न घालता २००० सालापासूनच्या पेट्रोल गाड्यांत थेट संगणकालाच प्रश्न विचारले जातात.

या कामासाठी कॅलिफोर्नियातल्याच फ्रीमाँटएवढे सोयीचे गाव विरळा. जनरल मोटर्स आणि टोयोटा यांच्या भागीदारीतील ‘नूमी’ कारखाना येथे १९८४ ते २०१० चालला. त्यात कोरोला आणि पुढे टॅकोमा हा पिकअप ट्रक दोन्ही प्रकारच्या गिअरबॉक्ससह तयार होत, त्यामुळे हवा तो कपलर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीत मुळातच असतो. १ एप्रिल २०१० रोजी शेवटची, लाल रंगाची, कोरोला बाहेर पडली. आता त्याच छपराखाली टेस्लाच्या गाड्या बनतात, ज्यांत बदलण्याजोगे गिअरच नाहीत. जुन्या गाड्या फ्रीमाँटच्या पोटातच वसलेल्या नेवार्कसारख्या ठिकाणच्या भंगार-आवारांत सापडतात, जिथे गिऱ्हाइकाने स्वतःची हत्यारे घेऊन जायचे आणि हवा तो भाग आपल्या हाताने काढायचा असतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हेच काम दुकानदाराचा पोरगा करतो, एवढाच फरक.

पिना मोजून कपलर ओळखता येत नाही. दोन पिनांचे दोन कपलर हुबेहूब दिसतात, पण आतल्या पात्याची रुंदी एकात २.३ मिलिमीटर तर दुसऱ्यात त्याहून कमी असते, किंवा चुकीची जोडी जमू नये म्हणून कडेला ठेवलेली खाच भलत्याच बाजूला असते. अशा वेळी जोर लावणारा माणूस उष्णतेने ठिसूळ झालेली खिट्टी तोडून बसतो. टोयोटाच्या वायरिंग-पुस्तकात, सहसा कोणी उघडत नाही अशा शेवटच्या पानांवर, प्रत्येक कपलरचा क्रमांक दिलेला असतो. ९०९८० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावर केवळ रिकामे घर मिळते, तर टर्मिनल लावलेली वायर ८२९९८ ने सुरू होणाऱ्या वेगळ्या क्रमांकाने मागवावी लागते. हे ठाऊक नसलेल्याच्या हाती बहुधा पोकळ प्लास्टिकच पडते.

तरीही नव्या घरापेक्षा भंगारातला शाबूत कपलर अनेकदा बरा, कारण त्याची टर्मिनले कारखान्यातच दाबून बसवलेली असतात: टर्मिनलच्या पाकळ्यांची एक जोडी तांब्याला धरते, दुसरी वरच्या आवरणाला, आणि रबरी सील पाणी अडवते. टर्मिनललाच डाग दिल्यास वायर तिथे ताठ होऊन इंजिनाच्या थरथरीने पुढे तुटते. म्हणून भंगारात कपलर काढताना तो सांध्यालगत कापू नये. मागे किमान वीतभर वायर ठेवावी आणि समोरचा जोडीदारही सोबत घ्यावा.