चाकाच्या पोटात

बेळगावात राहणाऱ्या माणसांकडे होडी असावी, याचे आमच्या पुण्याकडील नातलगांना अद्याप नवल वाटते. सह्याद्री उतरल्यावाचून समुद्र दिसत नाही अशा गावी होडी कशाला, हा त्यांचा प्रश्न वावगा नाही. पण आमच्याच खानापूर तालुक्यात उगम पावलेली म्हादई गोव्यात जाऊन मांडवी होते, आणि तिच्या मागोमाग वर्षातून तीन-चार वेळा आम्ही दोघे भाऊ व घरातील मुले चोर्ला घाटाने खाली जातो. जीपच्या मागे दोन चाकांच्या ट्रेलरवर पंधरा फुटी फायबरची होडी असते. उरलेले वर्ष ती अंगणात ताडपत्रीखाली काढते. आल्यागेल्याला होडीचे कौतुक, तिच्या इंजिनाचे तर त्याहून अधिक. ज्या दोन चाकांवर हा सारा डोलारा घाट उतरतो, त्यांच्या पोटातील बेअरिंगांची चौकशी आजवर एकाही पाहुण्याने केलेली नाही.

बैलगाडीच्या काळी असे नव्हते. गाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे आणि तुंब्यातून कुरकुर ऐकू आली की गाडीवान खाली उतरून आसाला वंगण देई. लाकडी चाक तक्रार करीत असे, हा त्याचा मोठाच गुण म्हटला पाहिजे. आजचे बेअरिंग शेवटच्या घटकेपर्यंत गप्प राहते. निमुळत्या रोलरांच्या बेअरिंगचे पेटंट 1898 साली ज्या हेन्री टिमकेनने घेतले, तो अमेरिकेतील सेंट लुईस येथे घोडागाड्याच बनवीत असे. सरळ रोलर भार पेलतो. पण गाडी वळली की चाकावर आडवा रेटाही येतो, आणि निमुळता रोलर दोन्ही सोसतो. चोर्ल्याची वळणे पाहिली की या गाडीवाल्याविषयी आमच्या मनात कृतज्ञता दाटून येते.

होडीच्या ट्रेलरचे दुखणे मात्र इतर गाड्यांहून निराळे आहे, कारण ही चाके मुद्दाम पाण्यात उतरवली जातात. घाट उतरून आलेला हब तापलेला असतो. तो तसाच खाडीच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठावाटे पाणी आत ओढले जाते. तेही खारे. म्हणून धक्क्यावर पोचताच होडी उतरवायची नाही, असा आमच्या घरचा नियम आहे. मुले कुरकुरतात, पण हबवर तळहात ठेवून तो निवल्याची खात्री होईपर्यंत चहा-फराळ चालतो.

आत शिरलेले पाणी त्या दिवशी काही करीत नाही. ते खरे काम करते अंगणात. जून ते सप्टेंबर ट्रेलर एकाच जागी उभा असतो, आणि रोलर ज्या जागी कपाला टेकलेले असतात नेमक्या त्या जागी, तितक्याच अंतराअंतरावर, गंजाच्या काळ्या रेघा उमटतात. उद्यमबागेतील आमचे वृद्ध मिस्त्री म्हणतात, “गाडी चालून मरत नाही की हो अण्णा, उभी राहून मरते.”

हे वाक्य त्यांनी प्रथम उच्चारले ते तीन वर्षांपूर्वी. गोव्याहून परतताना कणकुंबीच्या अलीकडे जळक्या ग्रीसचा वास आला. गाडी बाजूला घेऊन पाहिले, तो डावा हब हात लावू देईना आणि चाक वरच्या बाजूला धरून हलवले तर खुळखुळत होते. आणखी थोडे अंतर गेलो असतो, तर ते चाक आसावरून सुटून दरीत गेले असते किंवा मागून येणाऱ्या एखाद्या दुचाकीवर. त्या रात्री घरी कोणी फारसे जेवले नाही. हब उघडल्यावर उलगडा झाला. ज्या वर्कशॉपने पावसाळ्यानंतर ‘सर्व्हिसिंग’ केल्याचे बिल दिले होते, त्यांनी बाहेरचे झाकण काढून वरवर ग्रीस थापले होते. आतल्या बेअरिंगपाशी दुधाळ करडा लगदा होता. ग्रीसमध्ये पाणी मिसळले की असा रंग येतो. रोलर तापून निळे पडले होते.

तेव्हापासून हे काम अंगणात, आमच्याच हातांनी होते. जॅक लावून, ट्रेलर ठोकळ्यांवर भक्कम टेकवून चाक काढायचे. झाकण, पिन, नट, वायसर, मग बाहेरचे लहान बेअरिंग. हब ओढून घेतला की मागचे सील उचकटून आतले मोठे. सारे रॉकेलात धुऊन उन्हात पाहायचे. नखाला खरखर लागली, खड्डा दिसला वा निळी झाक असली, की बेअरिंग बाद. नवे आणताना त्याचा कपही नवाच हवा. जुन्या कपात नवे रोलर घालणे ही काटकसर नव्हे. कप पितळी ठोशाने, एकदा या बाजूने एकदा त्या बाजूने ठोकत काढावा लागतो. नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो, तो दुकानदाराला दाखवावा.

ग्रीस भरण्याचे काम आमच्या पुतणीने आपल्याकडे घेतले आहे. डाव्या तळहातावर पाण्यात टिकणाऱ्या ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायचे, दुसऱ्या कडेने रोलरांमधून ग्रीस डोकावेपर्यंत. सील आणि पिन दर वेळी नवी. नट आवळताना चाक फिरवीत राहावे, मग तो सोडून नुसत्या बोटांनी पुन्हा आवळावा. पिनेचे भोक जुळले नाही, तर नट पुढे न रेटता किंचित मागे घ्यावा. अतिघट्ट बेअरिंग सैलाहून लवकर जळते. हे पुतणीला एकदाच सांगावे लागले. तिच्या वडिलांना मिस्त्रींनी तीनदा सांगितले.

बंधूंचे म्हणणे, स्प्रिंगची झाकणे बसवावीत, बाहेरून ग्रीस दाबले की काम झाले. झाकणे चांगली आहेत, आम्ही बसवलीही. ती ग्रीसवर थोडा दाब ठेवून पाणी बाहेर थोपवतात. पण त्यांतून आतले रोलर दिसत नाहीत, आणि जास्त दाबले तर मागचे सीलच निखळते. या मुद्द्यावर घरात अद्याप एकमत नाही. तोवर जीपच्या मागच्या आसनाखाली ग्रीस भरलेला एक पुरा हब, नट, दोन पिना आणि पाना एका डब्यात असतात. दसऱ्यानंतर घाट उतरताना जांबोटीला पहिला मुक्काम असतो. तेथे पुतणी खाली उतरून दोन्ही हबांना हात लावून पाहते, आणि तिने मान हलवल्यावर गाडी पुढे निघते.