नीड, नीडेड, नीडेड

खाडीच्या बांधावरून पनवेलला शाळेत जाताना मी इंग्रजी क्रियापदांची रूपं घोकत जायचो. गो-वेंट-गॉन, टेक-टुक-टेकन. पावलाला एक शब्द. दोन्ही अंगांना खारीतलं भात, दूर कर्नाळ्याचा सुळका. बांध निसरडा असला की एखादा 'टेकन' चिखलातच जायचा. साल १९७१, मी आठवीत. पनवेल तेव्हा कुलाबा जिल्ह्यात. जिल्ह्याचं रायगड व्हायला अजून दहा वर्षं होती.

तिसऱ्या रूपाला मास्तर 'पास्ट पार्टिसिपल' म्हणत. ते लागतं कशाला, हे आम्ही विचारलं नाही. काहींची दुसरी-तिसरी रूपं सारखीच. नीड-नीडेड-नीडेड. एकच शब्द दोनदा का म्हणायचा? मी एकदा म्हणून पुढे पळायचो.

आदल्या वर्षीच नव्या मुंबईचं काम सुरू झालं होतं. ठाणे, पनवेल, उरणकडची ९५ गावं त्यात जाणार असं लोक बोलत. आणि एके दिवशी बाबा एका इंग्रजी कागदाची नक्कल घेऊन आले. रात्री कंदिलाभोवती काका, शेजारी, आजी असे दहा-बारा जण बसले. गावात इंग्रजी शिकणारा मीच.

"वाच रं पोरा, काय लिवलंय?"

कागदावर होतं, 'इज नीडेड ऑर इज लाइकली टु बी नीडेड'. पुढे 'पब्लिक पर्पज'. गट नंबर आमचाच. 'लाइकली'चा अर्थ मला येत नव्हता, तो मी गिळला. पण 'नीडेड' माझ्या ओळखीचा. शेवटी ईडी, म्हणजे भूतकाळ. मी घसा साफ करून सांगितलं, "सरकारला जमिनीची गरज होती."

काकांनी मांडीवर थाप मारली. "होती! म्हंजे आता नाय!"

माणसं हसत घरी गेली. बाबांनी कागद घडी घालून फळीवर ठेवला. माझ्या पाठीवरून हात फिरवला, तो हात अजून आठवतो.

महिना-दीड महिन्याने वर्गात मास्तरांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'ही क्लोज्ड द डोअर.' 'द डोअर इज क्लोज्ड.' पहिल्यात त्याने दार लावलं. दुसऱ्यात दार लावलेलं आहे, आत्ता, या घडीला. 'क्लोज्ड' तेच, पण दुसऱ्यातलं तिसरं रूप आहे आणि त्याला स्वतःचा काळ नाही. "काळ विचारायचा असेल तर शेजारच्या 'इज'ला विचार, 'वॉज'ला विचार. शेपटीकडे बघू नकोस." आपल्याकडेही असंच आहे म्हणाले. 'कापलेलं भात' म्हटलं तर कधीचं ते कळत नाही. 'कापलेलं आहे', 'कापलेलं होतं' म्हटलं की कळतं.

माझ्या पोटात गोळा आला. 'इज नीडेड.' गरज होती नव्हे, गरज आहे.

सुट्टीत मी मास्तरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. 'लाइकली टु बी' म्हणजे 'लागण्याचा संभव' हेही समजावलं. मग हळूच विचारलं, "कागद येऊन किती दिवस झाले?" भूसंपादनाच्या १८९४ च्या कायद्यात हरकत घ्यायला तीस दिवस असत. ते उलटून गेले होते.

हरकतीनं जमीन वाचली असती असं आज मला वाटत नाही. हरकती घेतलेल्यांच्याही गेल्याच. पुढे जानेवारी १९८४ मध्ये जासईला दि. बा. पाटलांच्या मागे माणसं उभी राहिली, गोळीबारात पाच जण गेले, आणि मोबदल्याचं बोलणं निराळ्या पातळीवर गेलं. ते सगळं मला कळतं. पण आमच्या घराच्या नावचा अर्ज त्या गठ्ठ्यात नव्हता, तो माझ्यामुळे. बाबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तू लहान होतास." बोलले शांतपणेच, पण पाठीवर हात काही आला नाही.

नंतर दुसरा कागद आला. या वेळी मी आधी तो मास्तरांकडे नेला, मग घरी वाचला. 'हॅज बीन टेकन.' तीन क्रियापदं एकाला एक जोडलेली. "ताबा घेतला गेला आहे," मी शब्द मोजून म्हणालो.

आजी सुपात तांदूळ निवडत होती. "घेतला गेला? कोनी घेतलान?"

आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात 'घेतला' नुसता राहत नाही, त्याला 'न' लागतो. घेणारा त्या 'न'मध्ये असतो. इंग्रजीत असल्या वाक्यात करणाऱ्याचं नाव सांगायचं झालं तर 'बाय' लावून शेवटी सांगतात, नाही सांगितलं तरी वाक्य पुरं होतं. मी कंदील जवळ ओढून पुन्हा ओळ पाहिली. 'टेकन'नंतर पूर्णविराम होता.

"लिहिलं नाय गं," मी म्हणालो.

"नीट बघ," आजी म्हणाली, आणि सूप पाखडायला लागली.