‘पाहा!’ या एका शब्दापलीकडचे भास्कराचार्य

१. भास्कराचार्यांविषयी एक गोष्ट जगभर सांगितली जाते. काटकोन त्रिकोणाचा सिद्धान्त पटवून देण्यासाठी त्यांनी केवळ एक आकृती काढली आणि तिच्याखाली एकच शब्द लिहिला : ‘पाहा!’ गोष्ट रम्य आहे. परंतु त्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथाशी ती जुळत नाही.

२. इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या या आचार्यांनी वयाच्या ३६व्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. ‘बीजगणित’ हा त्याचाच भाग मानला जातो. त्यात ते विचारतात : भुज तिथींइतका, म्हणजे १५, आणि कोटी नखांइतकी, म्हणजे २० असेल, तर कर्ण किती? लगेच दुसरी मागणी येते : या रूढ गणिताची उपपत्तीही सांगा. उत्तर सर्वांना ठाऊक होते. आचार्यांना हवे होते त्यामागचे कारण.

३. आता वही घ्या. असे चार समान त्रिकोण अशा रीतीने मांडा की चारही कर्ण मिळून बाहेरचा चौरस तयार होईल. मध्ये एक लहान चौरस उरतो; त्याची बाजू २० − १५ = ५. प्रत्येक त्रिकोणाचे क्षेत्रफळ १५०, चौघांचे ६००. त्यात मधले २५ मिळवले की ६२५. म्हणून कर्ण २५.

४. आचार्य येथे थांबत नाहीत. दोन राशींच्या गुणाकाराची दुप्पट आणि त्यांच्या अंतराचा वर्ग यांची बेरीज त्या राशींच्या वर्गांच्या बेरजेइतकी असते, हा नियम ते मांडतात. त्यामुळे एका त्रिकोणाचे चित्र सर्व काटकोन त्रिकोणांना लागू पडते.

५. याच ग्रंथात पुढे, भावित समीकरणांच्या संदर्भात, ते उपपत्तीचे दोन प्रकार सांगतात : क्षेत्रगत आणि राशिगत. ज्याला आकृतीवरून उमगत नाही, त्याला राशींच्या आधारे समजवावे. केवळ ‘पाहा’ म्हणून शिष्याला वाटेला लावणाऱ्याची ही भाषा नव्हे.

६. सिद्धान्त त्यांच्याही पूर्वीचा. तो शुल्बसूत्रांत आहे. आणि अशाच मांडणीची उपपत्ती चीनमध्ये झाओ श्वांग याच्या तिसऱ्या शतकातील भाष्यात आढळते. तरीही आचार्यांचे मोठेपण उणावत नाही. कारण ते पहिलेपणात नसून समजावून सांगण्याच्या आग्रहात आहे.

७. त्या आग्रहाची खूण खानदेशात आहे. जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. आचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने तेथे मठ स्थापिला. निकुंभवंशीय सोइदेव आणि हेमाडिदेव यांनी त्याला दाने दिली. लेखाच्या अखेरच्या ओळी जुन्या मराठीत असून त्यांत मठाला लावून दिलेल्या देण्यांची नोंद आहे.

८. आकृती पाहायला क्षण पुरतो. ती समजावून देणारा गुरू, ऐकणारा शिष्य आणि दोघांच्या निर्वाहाची सोय मात्र पिढ्यान्‌पिढ्या करावी लागते. पाटणच्या शिळेवर कोरली गेली ती हीच सोय.