एसी दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

आमच्या सासूबाई ८६ वर्षांच्या. उन्हाळा त्यांना सोसत नाही. त्यांच्या खोलीतल्या १२ वर्षांच्या एसीत सलग तिसऱ्या वर्षी गॅस भरायची वेळ आली. एसीतला गॅस वापरून संपत नसतो; कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. म्हणून आधी गळती शोधायला लावली. एखादाच सांधा असता तर बुजवून तोच एसी ठेवला असता; धड वस्तू टाकून नवी आणणं अपरिग्रहात बसत नाही. पण कॉइलच ठिकठिकाणी गळत होती. त्यात गॅस आर-२२, ओझोनचा थर विरळ करणारा, म्हणून भारतातही टप्प्याटप्प्याने बंद होत असलेला. तो दरवर्षी विकत घेऊन हवेत सोडायचा, ही कसली काटकसर? फाइव्ह स्टार एसी घेतला. सासूबाईंची एकच अट: २४च्या खाली नको.